कोच आणायचा कुठून? कॉलेजातला खेळ, त्याचा पैसा आणि कट्ट्यावरची चर्चा



या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण न्याय, कर्तव्य, सुख असे भारदस्त शब्द घेतले. आज कॉलेजचा कोच घेतला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला खेळाच्या पैशाशी काय घेणं, असं काहींना वाटेल. पण समाज कशाला मोल देतो हे त्याच्या ग्रंथांतून जितकं कळतं, त्याहून जास्त ते तो कोणाला पगार देतो आणि कोणाची जागा रिकामी ठेवतो यातून कळतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघायचं म्हणून थोडं लांबून, अमेरिकेतून सुरुवात करू.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल नावाचा प्रकार आहे. हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं आडवं पाडायचं. खेळणारी मुलं विद्यापीठाची विद्यार्थी असतात, बघायला मात्र लाखभर माणूस. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात. २०११ च्या जनगणनेतलं अख्खं गडचिरोली शहर तिथे नेऊन बसवलं तरी जवळपास अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सर्वांत महाग माणूस राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉलचा, नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो.

आणि हा कोच काढायचा म्हटलं तरी पैसे लागतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं २०२३ च्या नोव्हेंबरात जिंबो फिशर या कोचला घरी पाठवलं. करार बाकी होता, म्हणून त्याला साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणं आलं. आपल्या हिशेबात सहाशे कोटी रुपयांच्या वर, आणि तेही काम न करण्याचे! विद्यापीठानं खुलासा केला की पैसा करदात्यांचा नाही, देणग्यांचा आणि क्रीडा विभागाच्या कमाईचा आहे. दोन वर्षांनी, २०२५ च्या ऑक्टोबरात, लुईझियाना राज्याच्या विद्यापीठानं ब्रायन केली या कोचला काढलं. तिथे तर राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री स्वतः मैदानात उतरले. आता नवा कोच निवडायचं काम या क्रीडा संचालकाकडे राहणार नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि दोन दिवसांत तो संचालकही गेला. गंमत म्हणजे फिशरला टेक्सासमध्ये मुळात आणणारा आणि केलीला लुईझियानात आणणारा हा एकच गृहस्थ होता, स्कॉट वुडवर्ड.

कोचची जागा रिकामी झाली की तिथल्या चाहत्यांना दुसरं काही सुचत नाही. अमका येणार, तमक्याच्या बायकोला ते गाव आवडत नाही, फलाण्या देणगीदाराचा हात आखडला आहे. आता त्यात खेळाडूंच्या पैशाची भर पडली आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनं विद्यापीठांना खेळाडूंमध्ये थेट पैसे वाटता येऊ लागले, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत.

हे ऐकून आपण तोंडात बोट घालतो आणि मग म्हणतो, वेडे आहेत लेकाचे. त्यांच्यातल्याच एका शहाण्यानंही असं म्हटलं होतं. रॉबर्ट हचिन्स हे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष. हे विद्यापीठ एके काळी फुटबॉलमध्ये दादा होतं. त्याचे पहिले कोच अ‍ॅमॉस अलोंझो स्टॅग यांना १८९२ मध्ये आणलं ते थेट प्राध्यापकाचा दर्जा देऊन. हचिन्स यांनी १९३९ मध्ये फुटबॉल बंदच करून टाकला. ज्ञानासाठी काढलेल्या संस्थेनं तमाशाचा फड चालवू नये, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे त्या ओसाड मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली, १९४२ च्या २ डिसेंबरला, एन्रिको फर्मी यांच्या चमूनं जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. हचिन्स यांचे चाहते हा प्रसंग मोठ्या चवीनं सांगतात. आम्हाला मात्र तो युक्तिवाद अर्धाच पटतो. तमाशा बंद करताना त्यांनी खेळही बंद केला. विद्यापीठानं तो पुन्हा आणला १९६९ मध्ये, लहान प्रमाणावर.

तमाशा आणि खेळ यांतला हा फरक नीट समजून घ्यायला अ‍ॅलिस्डेअर मॅकिंटायर हे तत्त्वज्ञ उपयोगी पडतात. १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या पुस्तकात ते दोन प्रकारचे लाभ वेगळे करतात. एक, खेळाच्या आतले. दुसरे, बाहेरचे. आपल्या कबड्डीवर लावून बघू. चढाईला गेलेल्या पोरानं निदानरेषा ओलांडून, साखळी आवळायच्या क्षणभर आधी अंग काढून घेणं. कोपऱ्यातल्यानं घोटा पकडायची वेळ अचूक साधणं. लोण चढल्यावरही डोकं थंड ठेवणं. हे ज्याला जमलं त्याला जो लाभ होतो तो कबड्डी खेळल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही वाटेनं मिळत नाही. हा आतला लाभ. प्रमाणपत्र, नोकरी, बक्षिसाची रक्कम, पेपरात फोटो हे बाहेरचे. ते इतर वाटांनीही मिळतात, लबाडीनंही मिळतात. आतला लाभ लबाडीनं मिळत नाही. पकड आली नाही तर नाही आली.

यात बाहेरचे लाभ वाईट, असं मुळीच नाही. उपाशी पोटी आतला लाभ सांगणाऱ्या माणसापासून जरा लांब राहावं. फक्त बाहेरचा लाभ आतल्याला गिळतो तेव्हा काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच सवलतीसाठी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं निघाली आणि ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर उडी मारली नाही असे लोक खेळाडू म्हणून पुढे आले.

आता आपल्याकडे येऊ. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. इथल्या कॉलेजच्या खेळाचा पैसा कुठून येतो? प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्काची एक बारीक ओळ असते. त्यातला काही भाग कॉलेजकडे राहतो, काही विद्यापीठाकडे जातो. तिकीट नाही, प्रक्षेपण नाही, देणगीदारांची रांग नाही. म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या खेळाचा सर्वांत भरवशाचा आश्रयदाता कोण? तो विद्यार्थी, जो स्वतः बहुधा कधीच मैदानावर उतरत नाही. त्याला हे माहीतही नसतं.

पुढची व्यवस्था अशी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. निवड झाली की विद्यापीठाचा कलर कोट मिळतो. आमच्या पिढीत ‘कलर होल्डर’ म्हणजे गावात मान होता, लग्नाच्या बोलणीतसुद्धा तो निघायचा. मग भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धा, त्यानंतर अखिल भारतीय. आणि कोच? स्पर्धेच्या तोंडावर काही दिवसांचं शिबिर लागतं, त्याला कुठल्या तरी कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक कोच म्हणून नेमले जातात, आणखी एक जण व्यवस्थापक म्हणून जातो. शिबिर संपलं, स्पर्धा संपली, कोचही संपला. ही माणसं कष्टाळू असतात, याबद्दल शंका नको. वर्गावर तास, परीक्षेची कामं, नॅकच्या फायली हे सगळं सांभाळून ती शिट्टी गळ्यात घालतात. आणि ते पद निवृत्तीनं रिकामं झालं की वर्षानुवर्षं भरलं जात नाही, मग कधी मराठीचे, कधी वाणिज्यचे प्राध्यापक ‘क्रीडा प्रभारी’ होतात. अमेरिकेत कोचचा शोध डोकं उठवतो. आपल्याकडे कोच नाही ही बातमीच होत नाही. आज आपल्याला विचार करायचा आहे तो या शांततेचा.

कॉलेजनं खेळाडूमागे उभं राहणं ही काही परदेशी कल्पना नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूर दरबारच्या मदतीनं गेले. मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना तयार केलं आणि ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. वर्गणी जमली, ती पुरेना. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो, येऊ द्या. पण जरा थांबून विचारा, प्राचार्याला घर का गहाण टाकावं लागलं? व्यवस्था नाही तिथे त्यागाच्या कथा उगवतात, आणि कथा गोड असल्या की व्यवस्था उभी करायची निकड कुणाला वाटत नाही.

आता कोचचं महत्त्व. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरमध्ये कांस्य घेतलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. डोंगरात पाणी आणता आणता पाय तयार झाले, असं सगळे लिहितात. खरं असेल. पण पाणी आणणाऱ्या मुली तर हजारो होत्या. नाशिकला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे विजेंद्र सिंग हे कोच होते, हा फरक. दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलंच. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचा जगज्जेता झाला. सरावासाठी तो कुठे गेला? साताऱ्याला, प्रवीण सावंत यांच्याकडे. त्याच स्पर्धेत महिलांची जगज्जेती ठरलेली अदिती स्वामीही त्यांचीच शिष्या. साताऱ्याची हवा तिरंदाजीला काही विशेष मानवते असं नाही. तिथे एक जाणता माणूस रोज मैदानावर हजर असतो.

म्हणूनच आमच्या कानाला एक वाक्य खटकतं: ‘आदिवासी पोरं जन्मतःच धावतात, तिरकमठा तर त्यांच्या रक्तात आहे.’ बोलणारा कौतुकानं बोलतो. पण या कौतुकाचा तार्किक निष्कर्ष काय निघतो बघा. जे रक्तातच आहे ते शिकवायला कोच कशाला? म्हणजे कौतुकाच्या आडून आपण खर्च टाळतो. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा मुलं ‘मिशन शौर्य’ मधून एव्हरेस्टला गेली, मे महिन्यात त्यांतली पाच शिखरावर पोचली. ही जिवतीच्या टेकड्यांची जादू नव्हती. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन मागे होतं, निवड झाली, महिनोन्‌महिने तयारी झाली, दार्जिलिंगला, लडाखच्या थंडीत सराव झाला, जाणते प्रशिक्षक होते, पुरेसा पैसा होता. पैसा, वेळ आणि गुरू एकत्र आले की काय होतं, ते आपल्याच मुलांनी आपल्याला दाखवलं. ते एका मोहिमेपुरतं जमतं. रोजच्या मैदानावर का जमू नये?

‘पैसा नाही’ हे उत्तर चंद्रपुरात बसून देणं जरा अवघड आहे. इथे कोळसा आहे, सिमेंट आहे, औष्णिक वीज आहे, बल्लारपूरचा कागद आहे. तिकडे सुरजागडचं लोखंड निघतं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. या खर्चाची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात खेळाचा उल्लेख कसा आहे, हे मुद्दाम वाचा. तिथे ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांना चालना देण्यासाठीचं ‘प्रशिक्षण’ म्हटलं आहे. प्रशिक्षण! टी-शर्ट नव्हे, चषक नव्हे, उद्घाटनाचा मंडप नव्हे. कायद्यानं बोट नेमकं कोचकडे दाखवलं आहे. पण कोच फोटोत मावत नाही. त्याचं काम तीन-चार वर्षांनी दिसतं, तोवर कंपनीचा अधिकारी बदललेला असतो आणि आमदारांची निवडणूक होऊन गेलेली असते. म्हणून पैसा वस्तूत जातो, माणसात जात नाही.

वास्तूही लागतात, नाही असं नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल झालं, २०२३ च्या डिसेंबरात तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. देशभरची मुलं आली. सिंथेटिक धावपट्टी आपल्या जिल्ह्यात असणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र धावपट्टी कुणाला धावायला शिकवत नाही. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ मध्ये जिल्हा केंद्रांवर माजी खेळाडूंना कोच म्हणून ठेवायची योजना आली, त्यात मानधनाचा आकडा वर्षाला ३ लाखांच्या आसपास धरला होता. महिन्याचे पंचवीस हजार. कल्पना योग्य आहे. पण तेवढ्यावर चांगला कोच भामरागडला किती वर्षं राहील, हा हिशेब प्रत्येकानं आपापल्या घरखर्चावरून करावा.

बरं, आपल्याकडे कोच अजिबात नाहीत, हेही खरं नाही. पहाटे पाचला चामोर्शी रोडला जा. पोरं-पोरी धावताना दिसतील. ती पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर, शिवाय गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. आणि त्यांच्यामागे घड्याळ घेऊन उभा असतो भरती अकॅडमीचा सर. त्याची फी असते, आईबाप ती धान विकून भरतात. इथे बाजारानं कोच शोधला आहे, कारण बक्षीस मोजता येतं. पण बघा, हा कोच १६०० मीटरवर थांबतो. गुण पडले, काम झालं. एखाद्या पोरीत ५ हजार मीटरची मोठी धावपटू लपली असेल तर ती दिसूनही कुणाच्या उपयोगाची नाही. ती शिपाई होईल, सुखी होवो. एक शक्यता मात्र कायमची मिटली, आणि तिचं तिलाही कळलं नाही.

आता चाहत्यांकडे वळू. झाडीपट्टीत चाहते नाहीत असं कोण म्हणेल? धान निघालं की वडशाच्या कंपन्यांची नाटकं लागतात आणि त्याच दिवसांत गावोगावी कबड्डीचे रात्रीचे सामने. लोकवर्गणी होते, पहिलं बक्षीस अमक्याकडून, दुसरं तमक्याकडून, लाउडस्पीकरवर नावं वाचली जातात. थंडीत अंगावर घोंगडं घेऊन म्हातारे-कोतारे रात्री दोनपर्यंत बसतात. त्यांची चर्चा ऐकण्यासारखी असते. कोणी कुठे पाय चुकवला, पंच कोणाचा पाहुणा आहे, सगळं. ज्ञान आहे, प्रेम आहे, पैसाही निघतो. पण हा पैसा एका रात्रीचा आहे. हा प्रेक्षक आणि गावातलं कॉलेज यांच्यात काही नातं नाही. अमेरिकेच्या चाहत्याला वाटतं, विद्यापीठाचा संघ माझा आहे, म्हणून तो कोचच्या पगारावर भांडतो. त्याचं भांडण अतिरेकी आहे, पण त्यात हक्काची भावना आहे. आपल्याला कॉलेज शासनाचं वाटतं, संस्थाचालकाचं वाटतं.

वास्तविक दार उघडं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात स्थानिक सदस्य असतात, त्यांत निदान एक माजी विद्यार्थी हवा, विद्यार्थी प्रतिनिधीही असतात, आणि कॉलेजचं अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं. तिथे एक साधा प्रश्न विचारता येतो: यंदा क्रीडा शुल्क किती जमलं आणि त्यातलं शिकवणाऱ्या माणसावर किती गेलं? मैदानाच्या कुंपणावर नव्हे, गणवेशावर नव्हे, माणसावर. हा प्रश्न सलग तीन वर्षं विचारला गेला तर कागद हलतात, हा आमचा अनुभव आहे. पहिल्या वर्षी उत्तर मिळत नाही, दुसऱ्या वर्षी विचारणाऱ्याचा राग येतो, तिसऱ्या वर्षी फाईल निघते. दोन-तीन कॉलेजांनी आपला वाटा एकत्र केला आणि एखाद्या कंपनीचा प्रशिक्षणाचा पैसा त्याला जोडला, तर एका खेळाचा एक कोच तीन वर्षांच्या लेखी करारावर ठेवता येईल. एकच खेळ घ्या. दहा खेळांना दहा दिवस देण्यापेक्षा ते बरं.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं की कोच बाहेरचा चालेल का, की स्थानिकच हवा. प्रश्न चांगला आहे. गार्डनर परदेशी होते, खाशाबांना चालले. पण आपल्या भागाची एक अडचण आहे. सिरोंच्यात तेलुगू, भामरागडात माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे बंगाली, आरमोरीत झाडीबोली. पोराला ‘खांदा सैल सोड’ हे त्याच्या भाषेत सांगता आलं नाही तर नुसतं दाखवून भागत नाही. म्हणून बाहेरचा जाणता कोच आणावा आणि त्याच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून इथलाच एखादा माजी खेळाडू द्यावा, करारातच तसं लिहून. आणखी एक. सिरोंच्याची मुलगी गडचिरोलीच्या शिबिराला यायची तर दोनशे किलोमीटरांच्या वर बसचा प्रवास आहे. तिची आई पहिल्यांदा सामन्याबद्दल विचारत नाही. ती विचारते, सोबत बाई कोण आहे, आणि मुक्काम कुठे आहे. कोचची जाहिरात काढताना या दोन प्रश्नांची उत्तरं आधी तयार ठेवा, वेतनश्रेणी नंतर लिहा.